अपोलोनियाच्या पाठीवरचे दात

या, अशा जवळ सरकून बसा. गोष्ट तळहाताएवढ्या चित्राची आहे, पण त्या चित्रापायी माझं डोकं जे उठलं ते आज इतक्या वर्षांनीही पुरतं उतरलेलं नाही. सगळी सांगते.

चित्र संत अपोलोनियाचं. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. बाईच्या हातात सांडशी, सांडशीत उपटलेला दात. दातदुखीत आम्ही कॅथलिक हिलाच हाक मारतो. आमच्या गावचे दाताचे डॉक्टर लेओपोल्ड वाइलर स्वतः ज्यू, तरी त्यांनी ती दवाखान्यात टांगली होती. म्हणायचे, "माणूस हिच्याकडे बघत राहिला की माझा हात धरत नाही."

एकोणीसशे अडतीस साली नाझींनी त्यांना ती कवडीमोलाने विकायला लावली. पुढे ती आमच्या संग्रहालयात आली. नव्व्याण्णव साली डॉक्टरांची नात मिरियाम मँचेस्टरहून ती परत मागायला आली आणि माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. तिच्याजवळ पुरावा एकच. तिचे वडील माक्स लहानपणी एकटेच इंग्लंडला पोचले होते, त्यांना डॉक्टरांनी लिहिलेलं पत्र: 'अपोलोनिया गेली. तुम्हा चौघा भावंडांचा पहिला दात कधी पडला ते मी तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत आलो, तेही तिच्याबरोबर गेलं.'

संग्रहालयाचे संचालक श्ट्रीबेल यांनी चित्र उलटं केलं. मागे तीन जुन्या मालकांचे शिक्के होते: एक सरदार, एक पाद्री, एक व्यापारी. बाकी कागद कोरा.

"बाई, छापील चित्राच्या प्रती पुष्कळ निघतात," ते म्हणाले. "तुमच्या आजोबांची दुसरी कुठली तरी असेल."

मिरियामने घरी येऊन मला सगळं सांगितलं.  संग्रहालयाचे जुने कागद तीस वर्षं साफ करत होता तो माझा धाकटा भाऊ, कोर्बिनियान. तशीच त्याच्याकडे गेले.

"कोर्बी, अपोलोनियाच्या मागे काही लिहिलेलं होतं का?"

"होत्या पेन्सिलीच्या रेघोट्या. पुसल्या."

"पुसल्या? का रे बाबा?"

"घाण होती म्हणून. आफ्रा, शिक्का म्हणजे इतिहास. पेन्सिल म्हणजे घाण. आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"सरदाराचा शिक्का तेवढा इतिहास, आणि लेकरांचे दात घाण?"

"मला काय ठाऊक दात होते ते!"

"मग चल, श्ट्रीबेलना तेवढंच सांग."

"आणि कायमची नोंद होऊ दे, की कोर्बिनियानने कागद बिघडवला? तीस वर्षांत माझ्या हातून एक कोपरा दुमडला नाही!"

तीन आठवडे मी त्याच्या पायऱ्या झिजवल्या. गुडघे माझे, पायऱ्या त्याच्या. अपोलोनियाच्या सणाला त्याला ओढून देवळात नेलं. आमचे फादर तिची कथा गाऊन सांगतात. तिचे दात पाडले तिथे त्यांचा सूर असा खाली येतो की माझा पदर, म्हणजे शालीचं टोक, दरवर्षी भिजतं. वाटलं, दगडालाही पाझर फुटेल. बाहेर आल्यावर दगड म्हणाला, "फादरांचा वरचा सूर यंदा बेसूर लागला." देवा, क्षमा कर, पण त्या क्षणी मला सांडशी हवी होती.

शेवटी मिरियामच त्याच्या दारात गेली. मी म्हटलं, आता होणार भांडण. तिने आवाजही चढवला नाही.

"काका, पुसण्याआधी तुम्ही ते वाचलं असेल ना? एखादी तरी तारीख आठवते?"

कोर्बिनियान उठला. मग माझ्यावरच खेकसला, "टोपी दे माझी! बघत काय उभी राहिलीस?"

संग्रहालयात त्याने खिडक्या लावून घेतल्या, कागद पालथा ठेवला आणि टेबलावरचा दिवा आडवा धरला. प्रकाशाची तिरीप कागदाला घासून गेली. पेन्सिल पुसता येते, तिचा दाब पुसता येत नाही. शिक्क्यांच्या खाली बारीक चरे उमटले. चष्मा कपाळावर सारून तो एकेक अक्षर वाचू लागला. एर्ना, एकोणतीस. फ्रित्स, एकतीस. माक्स, छत्तीस. श्ट्रीबेल पत्राशी नावं ताडून बघत होते. चौथ्या ओळीपाशी कोर्बिनियानने दिवा आणखी खाली आणला.

"सेल्मा. फेब्रुवारी, अडतीस. वरचा, डावीकडचा. रडली नाही."

मग कुणी न सांगता त्याने कागद मागितला आणि लिहिलं, 'हे मी पुसलं,' आणि खाली सही केली. वर मला म्हणाला, "आता तरी माझ्या पायऱ्यांना विश्रांती दे."

वर्षभराने चित्र मिरियामच्या हाती आलं. एर्ना, फ्रित्स, माक्स तिघं देशाबाहेर निसटले होते. सेल्मा आईबापांजवळ राहिली, आणि आईबापांसकट तिला गाडीत घालून पूर्वेच्या छळछावणीत नेलं. कुणी परतलं नाही. तिचं थडगं नाही, फोटो नाही. इतकं ऐकलंत, आता माझं एक मागणं ऐका. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा सेल्मा वाइलरचं नाव घ्या. दात पडला तेव्हा ती रडली नव्हती, तेवढं लक्षात ठेवा.