हँग झाल्याच्या वेळा

खट्.

दुपारच्या शांततेत न्हाणीघराबाहेरच्या स्टार्टरच्या पेटीत एवढाच आवाज झाला आणि मागोमाग बोअरची मोटार घुमायला लागली. लग्न होऊन कुपवाडला आले तेव्हा या आवाजाने मी दचकायचे. टाकीतलं पाणी उतरलं की मोटार आपोआप चालू, टाकी भरली की आपोआप बंद. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, स्वतः जोडलेली व्यवस्था. सात वर्षांनी तो आवाज कानावर पडायचा, पण मला ऐकू यायचा नाही.

त्या दुपारीही ऐकू आला नाही. मी माउस हलवत होते आणि स्क्रीनवरचा बाण हलत नव्हता. कोपऱ्यातलं घड्याळ दोन अठरावर थांबलं होतं.

"झाला हँग," मी स्वतःशीच म्हटलं आणि वही ओढली. दोन अठरा. मंगळवार. फाईल गिअरची.

इथल्या छोट्या कारखान्यांना मी मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग करून देते. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, मग कशिश झाली आणि नोकरी सुटली. आता ती पाच वर्षांची आहे. तिची शाळेची रिक्षा तीनला येते, तोवरचे चार तास माझे. त्या चार तासांतलं काम हा कॉम्प्युटर कधी गिळेल याचा नेम नव्हता. कधी दिवसातून तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. ज्यांचं काम अडलं होतं ते बाळासो फोनवर म्हणायचे, "भाभी, आमचा गिअर कवा फिरायचा?" आणि तारिक, माझा नवरा, म्हणायचा, "तुझ्यासारखाच हाय तो. जरा बोलायला गेलं की गप्प."

माझा भाऊ कैफ लोणंदला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने फोनवरूनच उपचार सुरू केले.

"आपा, खोडरबर घे."

"कशाला?"

"आतली रॅमची पट्टी काढ. तिची सोनेरी कड आहे ना, ती हळू घास. हळू! भावजींवरचा राग तिच्यावर काढू नको."

घरात खोडरबर एकच होतं, कशिशचं, सशाच्या आकाराचं. ससा काळा झाला म्हणून ती संध्याकाळभर रुसली. मग मी पंख्यातली धूळ ब्रशने काढली. कैफने सांगितलं तसं हार्ड डिस्क तपासली, आतली उष्णता बघितली. सगळं ठीक. कॉम्प्युटर मात्र हँग होतच राहिला.

"आता वेळा लिही," कैफ म्हणाला. "तारीख, वेळ, तेव्हा घरात काय चाललं होतं ते. दवाखान्यात पेशंटचा चार्ट असतो तसा. एकही सोडायची न्हाई."

कशिशची एक वही निम्मी कोरी होती. त्यात मी लिहायला लागले. एकही सोडली नाही.

त्याच दिवसांत कशिश शाळेतून आल्यावर हात धुवायला जायची आणि ओरडायची, "अम्मी, नळ चावतो!"

पहिल्यांदा मी उठून गेले. नळाची चावी फिरवली, पाणी सोडलं, बंद केलं. काही नाही.

"बघ. कुठं चावला?"

"आत्ता नाही चावत. कधी कधी चावतो."

"हात धुवायचा कंटाळा, दुसरं काय."

बाहेरच्या खोलीतून अब्बा हसले. "लय नाटकी हाय गं पोरगी. आईवर गेलीया."

दुसऱ्यांदा मी बसल्या जागेवरूनच ओरडले. तिसऱ्यांदा ओरडलेही नाही. मग तिचं ती शिकली. फ्रॉकचा घेर मुठीत धरायचा आणि त्या कापडाने चावी फिरवायची. फ्रॉक रोज ओला करते म्हणून मी तिला एक चापटही मारली. तीही वहीत नाही.

शेवटी कैफ म्हणाला, मशीनच घेऊन ये. शाळेला चार दिवस सुट्टी होती. सीपीयू गोधडीत गुंडाळला आणि सांगलीहून गाडीत बसले, तो मांडीवर, कशिश खिडकीशी. साताऱ्याला डब्यात चढलेल्या एका मावशींनी गोधडीकडे बघून आवाज खाली आणला. "बाळ हाय व्हय? किती म्हैन्याचं?"

"बाळ नाही," कशिश म्हणाली. "आजारी कॉम्प्युटर आहे."

लोणंदला तो तीन दिवस अखंड चालला. एकदाही थांबला नाही. आणि कशिश माझ्या आईच्या न्हाणीत तास तास खेळली. नळाला तळहात लावून बसायची, काढायची, परत लावायची. "नानीचा नळ चांगला आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. मी हसले.

कैफ दाढी खाजवत म्हणाला, "आपा, मशीनला कायबी झालं न्हाई. दुखणं घराचं हाय. अर्थिंग बघून घे."

मला राग आला. "अब्बांच्या घरातलं अर्थिंग? तीस वर्षं मोटारींचं रिवायंडिंग केलंय त्यांनी. अख्ख्या कुपवाडच्या मोटारी त्यांच्या हातून गेल्यात."

"मग माझं ऐकू नको. फक्त हे लाव." त्याने खिशातला टेस्टर काढून दिला. "सीपीयूच्या पत्र्याला. नेमका हँग होईल तेव्हा."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी टेस्टर हातात धरूनच कामाला बसले. तीन वाजता रिक्षा आली. कशिशने दप्तर टाकलं, बूट मोजे काढले आणि आत पळाली. मी टेस्टरचं टोक पत्र्याला लावून ठेवलं होतं.

खट्.

टेस्टरमधला इवलासा दिवा लाल झाला. स्क्रीनवर घड्याळ तीन सातला थांबलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला. स्टार्टर. मोटार. मी वहीकडे बघितलं. कपडे धुतले तेव्हा. पाहुणे आंघोळीला गेले तेव्हा. मशीन हँग व्हायचं ते टाकी उतरल्यावर, प्रत्येक वेळी.

"अम्मी, चावतोय!"

मी कशी पोचले आठवत नाही. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. हातातला फ्रॉकचा घेर ओलाचिंब होता, त्यातून पाणी गळत होतं, आणि हात पुन्हा नळाकडे जात होता. मी तिला पाठीमागून फ्रॉकला धरून ओढलं. दोघी उंबऱ्याबाहेर पडलो. मग हात लांब करून मी टेस्टर नळाला लावला.

दिवा लागला.

माझ्या पायात रबरी स्लीपर होत्या. तारिक न्हाणीत स्लीपर घालून जातो. अब्बाही. नमाजाआधीचं त्यांचं हातपाय धुणं, वजू, मशिदीत होते. या घरात अनवाणी पायांनी त्या नळाला हात लावणारं एकच माणूस होतं.

"अब्बा!"

ते चष्मा पुसत आले. टेस्टर बघितला. वळून मेन स्विच खाली ओढला. मोटार थांबली, पंखा थांबला.

"घराच्या अर्थिंगची तार मी पाण्याच्या पायपालाच बांधलीया," ते म्हणाले. "आमी सगळे तसंच करायचो. लोखंडी पायप, पार जमिनीत गेलेला. त्याच्यापरीस चांगलं अर्थिंग न्हाई..."

आणि तिथेच थांबले. मलाही तेव्हाच समजलं. गेल्या रमजानच्या आधी अंगणातला गंजलेला पाइप उकरून आम्ही नवा टाकला होता. पांढरा, प्लास्टिकचा. अब्बा स्वतः उभे राहिले होते, खणणाऱ्यांना चहा दिला होता. जमिनीपर्यंतची वाट तिथे तुटली. जुन्या मोटारीतून झिरपणारा करंट जमिनीत जाणार कसा? तो भिंतीतल्या लोखंडातून नळात येऊन थांबत होता. कॉम्प्युटरच्या पत्र्यात येऊन थांबत होता. मोटार चालू असेल तेवढा वेळच.

कधी कधी.

अब्बा फरशीवर बसले, कशिशच्या समोर. "कुठं चावायचा गं? दाव."

तिने उजवा तळहात उघडला. त्यावर शाळेच्या खडूची पावडर होती, बाकी काही नव्हतं. अब्बांनी तो दोन्ही हातांत धरला. तारेच्या बारीक गुंडाळ्या न चुकता बसवणारे ते हात तिच्या तळव्यावरचा खडू पुसत राहिले. "माझ्या हातनं झालं पोरी हे," ते मला म्हणाले, की तिला, कळलं नाही. मला नळ, भिंत, दिव्याचं बटण, कशालाच हात लावायचं धाडस होईना.

तारिकला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही तिघं दारात पायरीवर बसलो. मी कशिशला मांडीवर घेतलं. ओला फ्रॉक बदलायला आत जायचंही सुचलं नाही. वही माझ्या हातात कशी आली माहीत नाही. तिने ती ओळखली.

"ही माझी आहे ना?"

"हो."

तिला आकडे वाचता येतात. ती बोट ठेवत गेली. "हे काय लिहिलंय?"

"कॉम्प्युटर बंद पडायचा त्या वेळा."

"दर वेळी लिहिलंस?"

"हो."

"एकदापण विसरली नाहीस?"

"नाही."

तिने पानं उलटली. एक एक करत, शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. मग मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं.

"अम्मी, आणि मी सांगायचे ते कुठल्या पानावर आहे?"