मासळीच्या फातराजवळची खूण

जागा ओळखणारी जीपीएसची डबी चिवचिवली तसा भिकाजीनं हात वर केला आणि धनेशनं होडीचं इंजिन बंद केलं.

"हयच," भिकाजी म्हणाला.

मांडीवरच्या केळीच्या पानातून त्यानं अबोलीचा वळेसार उचलला, कपाळाला लावला आणि कडेवरून हलकेच पाण्यात सोडला. त्याची बायको सुगंधा अंबाड्यात माळायची तसाच, मधे मरव्याच्या काड्या घातलेला.

"बरी आसस मां गो?" त्यानं पाण्याला विचारलं.

धनेशनं हात जोडले खरे, पण त्याचं लक्ष पलीकडे होतं. पाण्यावर थर्माकोलचे पांढरे गोळे डुलत होते. कुणाचं तरी जाळं टाकलेलं होतं. त्यानं मागं वळून पाहिलं. किनाऱ्यावरच्या किल्ल्याचा तट चांगला मोठा दिसत होता.

गेल्या वर्षी आईच्या अस्थी सोडायला बापलेक निघाले, तेव्हा किल्ला मागं पडत पडत नखाएवढा झाला होता. मग धुकं उतरलं आणि तोही दिसेना. तरी भिकाजी "आजून, आजून" म्हणत राहिला होता. जिथं कुणी जाळं टाकत नाही तिथंच सुगंधाला सोडायचं, हा त्याचा हट्ट होता. जन्मभर मासळी विकलेली बाई कुणाच्या जाळ्यात सापडता कामा नये. तिथं पोचल्यावर धनेशनं डबीचं बटण दाबून जागा नोंदवली होती. त्या धुक्यात त्या जागेला दुसरा साक्षीदार नव्हता.

ही जागा ती नव्हती. भिकाजीला मात्र ते गोळे दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारा हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचा. दर अमावास्येला तो शेजारच्या महादूला होडीवर बसवायचा आणि डबीच्या आवाजावर विसंबून इथं यायचा.

घरी येताच धनेशनं लॅपटॉप उघडला.

डबी त्यानंच बनवली होती, पुण्यातल्या नोकरीतून रविवार काढून. बाबांना किनाऱ्यावरच्या खुणा दिसेनात, तर कानांनी तरी जागा सापडावी म्हणून. चिपमध्ये मेमरी अगदीच तुटपुंजी, आणि बाबांच्या मासेमारीच्या सगळ्या जागा तर मावायला हव्यात. म्हणून अक्षांश-रेखांश त्यानं बत्तीस बिटांऐवजी सोळा बिटांत, अर्ध्या आकड्यात कोंबले. सी भाषेत तो प्रकार तयार मिळत नव्हता. बिटं सरकवून त्यानं तो स्वतः लिहिला आणि स्वतःवर भलताच खूष झाला. पण डबी मासेमारीला लागायच्या आधीच सुगंधा गेली, भिकाजीनं जाळं सोडलं, आणि त्या एवढ्या वाचवलेल्या मेमरीत एकच खूण उरली.

अर्ध्या आकड्याची गंमत अशी, की शून्याजवळ तो फार बारीक मोजतो. शून्यापासून लांब गेलं की त्याच्या पट्टीवरच्या रेघा विरळ होत जातात, आणि मधे काहीही आलं तरी तो ते जवळच्या रेघेवर नेऊन ठेवतो. धनेशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तपासताना शहाण्यानं एक, दोन, साडेतीन असे लहान आकडे घातले होते. आज त्यानं त्या बाजूचा एक रेखांश अंदाजानं घातला, ७३.४१०२. बाहेर ७३.४३७५ आला. समुद्रात हा फरक तीन किलोमीटरच्या आसपास भरतो. आणि तो किनाऱ्याच्या बाजूला होता.

तेव्हा त्याला फोनवरचं बोलणं आठवलं. "पयली लांब वाटायची," भिकाजी म्हणाला होता, "आता ती जवळ इली असां वाटता." पुण्याच्या खोलीत ते ऐकून धनेशला इतकं बरं वाटलं होतं, की पुढचे दोन रविवार त्यानं फोनच केला नव्हता. त्याची आता त्याला लाज वाटली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. जगाच्या शून्यापासून मोजायचं सोडून जवळच्या एखाद्या जागेपासून मोजायचं. आधी वजाबाकी, मग अर्धा आकडा. त्यानं डबी घरापुढच्या खळ्यात नेली, आभाळ मोकळं दिसेल अशा जागी ठेवली, तिथला रेखांश-अक्षांश शून्य धरला आणि नवा प्रोग्राम चढवला.

भिकाजी पडवीत बसून जुनं जाळं चाचपून शिवत होता. आता ते कुठं जाणार नव्हतं, तरी शिवत होता.

"बाबा, माझी चूक झाली," धनेश म्हणाला, आणि थांबत थांबत त्यानं सगळं सांगितलं. जाळ्याच्या गोळ्यांबद्दल अगदी शेवटी.

भिकाजीचे हात थांबले.

"म्हणजे ती जवळ इली नाय?"

"नाय."

"मी वरीसभर भलत्याच पाण्याक बोललंय?"

धनेश त्याच्याजवळ पडवीच्या पायरीवर टेकला.

"खरी जागा आता काढूक येता?"

"नाय, बाबा. डबीन आकडो तेवाच गोल केल्यान. तो आता परत मिळाचो नाय."

कुंपणापलीकडून एक मासेवाली ओरडत गेली, तिच्याकडे भिकाजीनं मान वळवली आणि पुन्हा सरळ केली.

"आता ह्यी डबी खंयसून मोजता?"

"आपल्या खळ्यातसून. त्या फातराकडसून."

"खंयच्या फातराकडसून?"

"तो कोपऱ्यातलो. थंय माड आड येनत नाय, आभाळ बरां गावता."

"तुझी आवस मासळी कापूक बसायची, तो?"

धनेशनं वळून दगडाकडे पाहिलं. मघाशी डबी ठेवताना त्याला फक्त आभाळ दिसलं होतं.

"होय," तो म्हणाला. "तोच."

"थंय किती दाखयता?"

"शून्य."

"शून्यात चूक नाय मां?"

"नाय. शून्य बरोबर रवता."

भिकाजीनं हात पुढं केला. धनेशनं त्यात डबी ठेवली.

"मगे तिची खूण थंयच घाल."

बटण धनेशनंच दाबलं. भिकाजी उठला, डबी छातीशी धरून फाटकापाशी गेला आणि तिथून परत फिरला. स्वतःच्याच खळ्यात तो परक्या गावात आल्यासारखा एकेक पाऊल टाकत होता. धनेश धरायला पुढं झाला, तर म्हाताऱ्यानं त्याला हातानंच थांबवलं. दगड चार पावलांवर आला आणि डबी चिवचिवली.

"बरी आसस मां गो?" भिकाजीनं विचारलं, आणि दगडाची अर्धी जागा मोकळी ठेवून तो कडेला बसला.