चार ओहमचा देव

१९७४ सालची गोष्ट. भवानी पेठेतल्या एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे फळ्यांचा मंच, मंचावर छातीइतके उंच दोन स्पीकर आणि त्यांच्यामध्ये गादीवर नादेश्वर महाराज. सिद्राम मंचावरच्या एका स्पीकरला उजवा कान चिकटवून फळ्यांवर अनवाणी उभा होता. सव्वीस वर्षं गिरणीत माग चालवून त्याचा डावा कान पार गेलेला, उजवा जेमतेम उरलेला. महाराजांनी टेप लावली. मृदंग घुमला तशी सिद्रामची मान ठेक्यात हलू लागली.

"ऐकू येतंय?" महाराजांनी खुणेनं विचारलं.

"येतंय की," सिद्राम म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "लई वर्सांनी येतंय."

बायकांनी मंचाला डोकी टेकली. गिरणीतले आणखी पंधरा-वीस बहिरे रांग सोडून पुढे घुसले.

मी मागे भिंतीला टेकून पाहत होतो. ते यंत्र मीच निवडून दिलं होतं.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तीन महिन्यांपूर्वी हेच महाराज, तेव्हा पँट-शर्टातले गृहस्थ, ते स्पीकर हातगाडीवर घालून माझ्याकडे आले होते. घरी बसून गाणं ऐकायला म्हणून एका गिरणी मॅनेजरनं विलायतेहून आणलेले, बंगला सोडताना विकून टाकलेले. लग्नातल्या लाउडस्पीकरचा अॅम्प्लिफायर जोडला की त्यांचा आवाज फाटायचा. मी मीटर लावून पाहिलं.

"हे चार ओहमचे आहेत," मी सांगितलं. "ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. इथे तो कमी, म्हणून हे करंट जास्त ओढतात. तुमचा अॅम्प्लिफायर तेवढा देऊ शकत नाही, धापा टाकतो. नुसते वॅट बघून घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर दणकट हवा आणि त्याला चार ओहमची जोडणी हवी."

मग मीच एका बंद थिएटरातला व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून लाल दिसणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर शोधला, पुसून-दुरुस्त करून जोडून दिला. पहिल्यांदा वाजला तेव्हा दुकानाच्या फळीवरचे स्क्रू नाचले. मला फार अभिमान वाटला. बारीक आवाजही सुंदर येत होता, पण गृहस्थ बटण शेवटापर्यंत पिळत होते. इतका मोठा आवाज कशाला, हे मी विचारलं नाही.

आता माझीच वाक्यं अंगारा लावून परत येत होती.

"परदेशी लोकांनी आपला ॐ चोरला आणि त्याचं नाव ठेवलं ओहम," महाराज सांगत होते. "या स्पीकरवर चार ओहम लिहिलंय. चार वेद, चार ओहम. साधं यंत्र चार वेदांचा भार पेलत नाही, धापा टाकतं. म्हणून हे सिद्ध यंत्र. आत चार निखारे दिसतात ना, ते विजेचे नव्हेत. ते तपाचे." तापलेल्या व्हॉल्व्हना लोकांनी हात जोडले.

एकवीस दिवस, रोज एक तास, कान स्पीकरला. असा उपचार होता.

सतराव्या दिवशी सिद्रामची बायको केसरबाई माझ्या दुकानात आली. "धोंडीरामभाऊ, ते यंत्र तुमी दिलंय म्हणं," ती म्हणाली. "आदी मी उजव्या कानापाशी बोलले की त्येंला कळायचं वो. आता वरडले तरी कळत न्हाय. महाराजांस्नी इचारलं, तर म्हणत्यात, जुना कान मरतोय, नवा जन्मतोय."

मी दुकान बंद करून दाक्षायणीबाईंकडे गेलो. त्या नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुंटीवरची पिशवी उचलली. तिच्यात एक लाकडी मोगरी होती.

शेड भरलेलीच होती. "महाराज, भक्ताची परीक्षा घेऊ द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. चारशे माणसांसमोर महाराजांना नाही म्हणता आलं नाही. मंचावर अनवाणी उभ्या सिद्रामचे डोळे फडक्यानं बांधले. तो हसत होता. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. शेड गप्प झाली. बाई मंचाखाली वाकल्या आणि मोगरीनं फळ्या खालून ठोकू लागल्या. ठक, ठक ठक, ठक.

सिद्रामची मान हलू लागली. त्यानं हात जोडले. "आजचं भजन लई गोड हाय," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं.

मग बाईंनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं, फरशीवर चार गोधड्या टाकल्या आणि त्यांवर स्पीकरपुढे उभं केलं. मी बटण शेवटापर्यंत पिळलं. पुढच्या रांगेनं कानांत बोटं घातली. एक पोर रडू लागलं. सिद्राम हात जोडून वाट पाहत उभा होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कवा लावनार?"

आता सगळी शेड हसली. महाराजांच्या पाया पडणारेच जास्त हसले. "लेकाचा खोटं बोलत हुता," एक जण ओरडला आणि सिद्रामला ढकललं. तो खोटं बोलला नव्हता. पहिले काही दिवस प्रचंड आवाजानं त्याच्या उरलेल्या कानाला खरंच ऐकू आलं होतं. त्याच आवाजानं तो कान मेला. तोवर फळ्यांतून तळपायांत येणारी थरथर त्याला ऐकण्यासारखी वाटू लागली होती.

"याचं प्रारब्ध आडवं आलं," महाराज म्हणाले. पण त्या रविवारी पुढे घुसलेल्या बहिऱ्यांपैकी तिघांनी आपापले कान चोळून पाहिले आणि ते उठले. दोन दिवसांत शेड रिकामी झाली. महाराज स्पीकरसकट निघून गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, एवढंच.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सिद्रामचे कान तपासून नकारार्थी मान हलवली. परतताना त्यानं मला विचारलं, "येवडं मोटं मशीन त्येला कुनी शोदून दिलं?" केसरबाईनं त्याच्याशी लिहून बोलायला जवळ ठेवलेली पाटी माझ्या हातात दिली. मी लिहिलं, 'मी.' त्यानं ते बराच वेळ वाचलं, तळहातानं पुसलं आणि बायकोचा दंड धरून चालू लागला.

म्हणून सांगतो. आवाजानं बधिर झालेला कान आणखी मोठ्या आवाजानं बरा होत नाही, उरलेलाही जातो. चमत्कार पाहायला बोलावलं तर जा, पण डोळे बांधून, जागा बदलून, बटण बंद करून पाहू द्या म्हणा. पाहू देत नसतील तर घरी या. देत असतील तर पहिल्याच दिवशी पाहा. आम्ही सतराव्या दिवशी गेलो.