आपापला पेला

"मावशी, माझा चहा यात." वाल्मीकने घरून आणलेला स्टीलचा पेला पुढे केला.

सुलाबाईचा हात किटलीवरच थबकला. सकाळपासून जो येई तो आपापला पेला घेऊनच. नाशिकच्या त्या कॉलेजात तिच्या चहाची कीर्ती अशी, की प्राचार्यांची बंद पडलेली स्कूटर एकदा नुसत्या वासावर सुरू होऊन थेट कॅन्टीनच्या दारात येऊन थांबली होती म्हणे. आणि तिचे काचेचे ग्लास इतके लख्ख, की पोरी त्यात बघून टिकली सरळ करत. आज ते फळीवर पालथेच.

तिला आईचा कप आठवला. येवल्याकडच्या गावात तिच्या आईसाठी पाटलाच्या गोठ्यात, वळचणीच्या लाकडावर, एक कानतुटका कप असे. आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून परत तिथेच पालथा घालायचा. ही गोष्ट तिने लेकाला, झुंबरला, इतक्यांदा सांगितली होती की त्याला पाठ झाली होती. त्या कपापासून पळून सुलाबाई शहरात आली. आला का तो माग काढत?

दिवसभर ती डोळे बारीक करून बघत राहिली. कोण कुजबुजतं, कोण बाकाच्या टोकाला सरकतं. शेवटी वाल्मीकलाच धरलं.

"खरं सांग रे. कोणी जात काढली माझी?"

"छे! आईशप्पथ मावशी, जातबीत कोण मानतं आता?" तो कानापर्यंत लाल झाला. "ते... झुंबरदादा ट्रकवर असतो ना. आग्रा रोड, ढाबे... आणि किती वाळलाय. पोरं म्हणतात, एड्स."

हा शब्द त्या वर्षी नाशिकात नवाकोरा होता.

"अरे मेल्या, कावीळ हाय त्याला!"

"सगळे तसंच सांगतात म्हणे."

"आन् हे काय लिवलंय?" तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. वाल्मीकनेच रंगवलेलं, जिल्ह्यात पहिलं आलेलं.

त्याने पुटपुटत वाचलं, "एकत्र खाल्ल्या-प्यायल्याने एड्स होत नाही."

"मंग?"

"ते स्पर्धेसाठी होतं, मावशी."

जातीचं नाही, हे ऐकून सुलाबाईला हायसं वाटलं होतं. घरी जाताना त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. पण वाल्मीकचं बोलणं चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. सगळे तसंच सांगतात. डॉक्टर कावीळ म्हणाले. म्हणजे, डॉक्टर कावीळ म्हणाले असं झुंबर म्हणाला. ती कुठं गेली होती सोबत?

घरी तिने चहा टाकला. आपला नेहमीच्या कपात ओतला. झुंबरसाठी मात्र हात फडताळाच्या मागे गेला आणि टवका उडालेला, कधी न वापरलेला कप घेऊन आला.

झुंबरने कपाकडे पाहिलं. मग आईकडे.

"साखर बरोबर पडलीय," तो म्हणाला.

चहा संपवून तो उठला. कप स्वतः विसळला आणि फळीवरच्या भांड्यांत न ठेवता, दाराबाहेर जाऊन, वळचणीच्या लाकडावर पालथा घातला.