इंजिन मी बंद केलं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हातालाही नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आठवड्यातला माझा एकुलता एक सुटीचा दिवस. बाबांनी सकाळपासून टुमणं लावलं होतं, मैदानावर चल. एरवी त्यांच्याबरोबर टर्नरकाका जायचे. काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त, कारखान्यात टर्नर होते. रिमोटवर उडणारं ते लाकडी विमान दोघांनी मिळून बांधलेलं, पंख बाबांचे आणि इंजिन काकांचं. आई असेपर्यंत त्या विमानाला 'माझी सवत' म्हणायची. काका लेकीकडे गेले होते, म्हणून माझी वर्णी लागली.

"एक आठवडा नाही उडवलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी म्हटलं.

"इंजिन गंजतं गं," बाबा म्हणाले. ही शुद्ध थाप होती.

मैदानावर मी पंखा फिरवला. दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं आणि इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास नाकात शिरला. विमान गवतावरून धावलं, उचललं गेलं, आणि बाबा त्याला आमच्या डोक्यावर गोल गोल फिरवू लागले. आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये.

"कुठे आहे सांग गं," बाबा मध्येच ओरडले.

"तुम्हालाच दिसतंय ना? माझी कसली परीक्षा घेताय?"

त्यांनी नुसती मान जरा तिरकी केली.

तेवढ्यात दुकानातून मालकांचा फोन आला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाइकांची नजर तपासते, नंबर काढते. कुणाच्या तरी चष्म्याचा घोळ झाला होता आणि मालक तावातावाने बोलत होते. मला त्यातलं निम्मं कळेना.

"बाबा, उतरवा आता!"

"एक फेरी."

"एक म्हणता म्हणता बारा झाल्या!"

रिमोटवर डावीकडे एक दांडी असते आणि तिच्या खाली एक छोटी पट्टी. दांडी खाली ओढली की इंजिन मंद होतं. पट्टीही खाली ओढली की हवा आत घ्यायचं तोंड पुरतं मिटतं आणि इंजिन बंद पडतं. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. भर आकाशात इंजिन बंद करायचं आणि विमान तरंगत आणून स्वतःच्या पायाशी उतरवायचं, ही तर त्यांची ऐट. लोक टाळ्या वाजवायचे. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी हात घातला आणि दोन्ही खाली ओढल्या.

आवाज थांबला.

"कुठे गेलं?" बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मी फोन कानावरून काढला.

"कुठे म्हणजे? ते काय, त्या झाडांच्या वर."

बाबांनी मान वळवली, पण भलतीकडेच. झाडं उजवीकडे होती आणि ते रिकाम्या आकाशाकडे बघत होते.

"आवाज का घालवलास गं? मी आवाजावर होतो."

मग मी सांगू लागले. वळवा, थोडं वर घ्या, नाही, इतकं नको. पण मी बोलेपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं. इंजिन चालू असतं तर वर काढून पुन्हा एक फेरी घेता आली असती. ते तर मीच बंद केलं होतं. विमान नाल्यापलीकडे गेलं, एका पंखावर कललं आणि उंच गवतात पडलं. एवढ्या लांबून पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बाबांची बोटं अजून दांड्यांवर होती. ती हळुवार हलत होती, विमान सरळ ठेवत होती.

"उतरलं का?"

मी म्हटलं, "उतरलं."

"चाकांवर?"

"चाकांवर."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि हत्यारांच्या पेटीवर बसले. हसले चक्क. मग आपणहून बोलू लागले. दोन वर्षं झाली. बघायला गेलं की मधोमध काळा डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. उतरवताना काका शेजारी उभं राहून सांगायचे. "आज तुला सांगणारच होतो. ते वर असताना सांगणं सोपं जाईल असं वाटलं."

"पण मी दर वर्षी तपासते तुम्हाला! शेवटच्या ओळीपर्यंत वाचता तुम्ही!"

"अगं, तुला डबा द्यायला येतो तेव्हा तुझ्या त्या तक्त्यासमोरच तर बसतो, नजर धड होती तेव्हापासून. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले मी. आठ ओळी पाठ करायला कंपोझिटरला कितीसा वेळ लागतो?"

शहरभरच्या लोकांचे डोळे तपासते मी. बाबांच्या कार्डावर मात्र दोन्ही वर्षी 'नजर उत्तम' असं लिहून, वर 'गरुड आहात' म्हणून त्यांची थट्टा केली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वेळेवर कळलं असतं तर डॉक्टरांनी निम्मी तरी नजर वाचवली असती. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

"का नाही सांगितलंत?"

"विमान सोडायला लावलं असतंस."

लावलंच असतं.

"जा, आण इकडे," ते म्हणाले. "हात लावून बघतो, काही खरचटलं का."

मी नाला ओलांडून गेले. इंजिन मातीत रुतलं होतं आणि अजून गरम होतं. धडाचे तीन तुकडे झाले होते. एक पंख चेचला गेला होता, दुसरा मुळापासून तुटून बाजूला पडला होता, पण अखंड होता. मी सगळं ओढणीत गोळा केलं आणि तिथेच गवतात उभी राहून रडले. बाबा पेटीवर बसून वाट बघत होते, दोन्ही तळहात वर करून, तोंड भलत्याच दिशेला.

परत आल्यावर मी त्यांच्या हातांवर आधी तो अखंड पंख ठेवला. त्यांनी टोकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. "वा," म्हणाले. बोटं सावकाश सरकत मुळापाशी आली, पुढे धड शोधू लागली, आणि तुटक्या लाकडावर थांबली.

मग त्यांनी तो पंख मांडीवर नीट आडवा ठेवला आणि पुन्हा हात पुढे केले.

"बाकीचंही दे," ते म्हणाले.