भिंती झाकण्याची दुपार

जेवणाच्या टेबलावरून बशा उचलल्या की त्याच जागी सराव-पत्रिका यायची. ईस्टरच्या सुट्टीपासून लॉर्नाच्या घरात हाच शिरस्ता पडला होता. पत्रिकेसमोर अकरा वर्षांची हेटी बसायची, शाळेच्या निळ्या स्वेटरची बाही दातांत धरून. शेजारी आईचा मोबाइल, त्यावर पळणारे सेकंद.

मे महिन्यातल्या राष्ट्रीय चाचण्या! प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला इंग्लंडभर सगळी मुलं एकाच सकाळी एकच पत्रिका उघडतात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांतली जेवणाची टेबलं अशी मुकी होत जातात. तुमच्याही घरात असं एखादं टेबल असेल.

"'भरतीची तुलना लेखकाने कशाशी केली आहे? उताऱ्यातला पुरावा द्या,'" लॉर्नाने वाचलं. "दोन गुण आहेत याला, हेटी. लिही ना काहीतरी!"

हेटी खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुझ्या आईशी केली असेल," सिंकपाशी भांडी घासणारा तिचा बाप डग म्हणाला. "तीही अशीच अंगावर येते."

"तू गप्प बस, डग. तुला सातचा पाढा अजून येत नाही."

"म्हणून तर पावाची गाडी चालवतो. पाव डझनावर जातात, सातशी आपला संबंधच येत नाही."

एरवी हेटी खुदकन हसली असती. आज तिने फक्त बाही थोडी आणखी आत ओढली. बाहीला आता भोक पडलं होतं.

सगळं अडलं होतं एका आकड्यावर. शंभर! त्या चाचण्यांचे गुण ऐंशी ते एकशेवीस अशा मोजपट्टीवर देतात; त्यात शंभर म्हणजे मूल पातळीला पोचलं, त्याच्याखाली म्हणजे 'अजून पोचलेलं नाही'. गणितात हेटी पोचत होती. वाचनात मात्र दर वेळी चार पावलं अलीकडे राहायची. एकेका ओळीवर रेंगाळायची, आणि वेळ संपायचा.

शाळेच्या फाटकाशी हेटीच्या वर्गातल्या एका मुलाची आई, केरी, भेटली होती. "आमच्या फिनलेला शिकवणी लावलीय बाई. मोठ्या शाळेत या गुणांवरून गट पाडतात म्हणे. खालच्या गटात पडलं ना मूल, की तिथंच राहतं. तुमची हेटी हुशार आहे गं तशी... जरा स्वप्नाळू."

तो 'स्वप्नाळू' लॉर्नाच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला. ती स्वतः शाळेत कायम खालच्या गटात होती. तिच्या लेकीच्या वाट्याला ते यायला नको होतं. म्हणून तिने शनिवारचं गावाशेजारच्या खाडीवर भटकणं बंद केलं. निजताना दोघी मिळून गोष्ट वाचायच्या, तेही बंद केलं. "चाचण्या होऊ देत, मग सगळं." एप्रिलमध्ये हेटी म्हणाली होती, "आई, आम्ही शाळेच्या हॉलमध्ये आपली खाडी केलीय, बघायला ये ना." त्यावरही उत्तर हेच.

मग हेटीने बोलणंच कमी केलं. हो, नाही, माहीत नाही. सकाळी टोस्ट तसाच राहायचा. आदल्या आठवड्यात तर दोनदा तिला उलटी झाली. ज्या घरात पोरीची टकळी ऐकून डग कानांवर हात ठेवायचा, त्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

चाचण्या सोमवारी सुरू होणार. आधीच्या शुक्रवारी शाळेने पालकांना मदतीला बोलावलं. नियमच आहे तसा, चाचणीच्या खोलीत भिंतीवर उत्तराला मदत होईल असं काही दिसता कामा नये. पाढे, शब्द, नकाशे, मुलांनी वर्षभर केलेलं सगळं कागदाखाली झाकायचं. लॉर्ना दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करायची. तिने अर्धी रजा टाकली. मनात होतं, या निमित्ताने बाईंना एकटं गाठता येईल.

हेटीच्या वर्गशिक्षिका मिस एअरी हॉलमध्ये शिडीवर उभ्या होत्या. केस पिकलेले, तोंडात टाचण्या. त्यांनी निळ्या कागदाची गुंडाळी लॉर्नाच्या हातात दिली.

"मिस एअरी, खरं सांगा," लॉर्नाने पाढ्यांच्या तक्त्यावर कागद धरला. "हेटीचे होतील ना शंभर?"

मिस एअरींनी टाचण्या तळहातावर काढल्या. "होतील किंवा नाही होणार. पण मला सांगा, शंभर झाले तर काय मिळणार आहे?"

"म्हणजे? तिची मोठी शाळा..."

"ती तर मार्चमध्येच मिळाली की! जागा पक्की झाली, तिच्या गणवेशाचं मापही घेऊन झालं. या गुणांनी कुठलं दार उघडत नाही की बंद होत नाही."

"पण गट पाडतात ना?"

"पाडतात काही ठिकाणी. पण नव्या शाळेतले शिक्षक काही डोळे मिटून बसत नाहीत, लॉर्ना. मुलाला बघतात, बदलतात. ही चाचणी सगळ्यात आधी माझी आहे. शाळेने नीट शिकवलं का, हे सरकारला बघायचं असतं. घाबरायचं तर मी घाबरायला हवं, आणि बघा, मी शिडीवर चढून आरामात तुमच्याशी वाद घालतेय."

"मग काय, सरावच करायचा नाही?"

"करायचा! थोडा, आणि हसतखेळत. प्रश्न अडला की सोडून पुढे जा, मग परत ये, एवढं शिकवलंत तरी खूप. बाकी झोप, पोटभर न्याहारी आणि रात्री एकत्र वाचलेली एक गोष्ट. वाचनात मागे आहे म्हणून तुम्ही तिचं वाचनच बंद केलंत! पाय दुखतो म्हणून कुणी चालायचं विसरायला लावतं का पोरीला?"

तेवढ्यात हॉलच्या टोकाकडून एक आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. तो तिला आधी ओळखूच आला नाही. किती दिवसांत ऐकला नव्हता!

पलीकडच्या लांब भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत अख्खी खाडी पसरली होती. खरी वाळू डिंकाने चिकटवलेली. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचे ओहळ. रुतत्या वाळूच्या जागी करडी लोकर. आणि वाळूतून सुरक्षित वाट दाखवायला या खाडीत फांद्या रोवतात, तशा इवल्या इवल्या फांद्या, एकामागून एक, थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. समोर फरशीवर बालवर्गातली पोरं मांडी घालून बसली होती. झाकण्याआधी त्यांना एकदा दाखवायची म्हणून आणलेली. आणि भिंतीपाशी, दोरी हातात धरून, हेटी.

"गप्प बसा हं. ती येतेय. ऐकू येतेय का?"

"नाही!" पोरं ओरडली.

"येणारच नाही. तिला पाय असतात, पण त्यांना आवाज नसतो." आणि दोरी हळूहळू ओढत ती म्हणू लागली,

*आली आली गं भरती, तिच्या पावलां ना नाद,*
*वाळू निजली उन्हात, तिला लागे ना गं दाद.*
*आधी भरते ओहळ, मग येते ती पाठीशी,*
*चला फांद्यांच्या वाटेनं, हात हाताच्या गाठीशी.*

दोरीबरोबर निळं झिरझिरीत कापड सरकत गेलं. आधी चांदीचे ओहळ निळे झाले, मग मागच्या बाजूने वाळूला वेढा पडला, मग फांद्यांची फक्त टोकं उरली. पोरांनी खरोखरच एकमेकांचे हात धरले. एका चिमुरड्याने कापडाकडे बोट दाखवलं. "वाळू मेली?"

"मेली नाही रे राजा!" हेटी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "खालीच आहे. अंगावर पांघरूण घेतलंय तिनं. ओहोटी आली की जागी होते, आणि गंमत म्हणजे तेव्हा ती नवीन असते. रोज नवीन! पाणी रात्रीतून तिच्यावर वेगळी नक्षी काढतं."

लॉर्नाच्या हातातली गुंडाळी घरंगळत गेली. भरतीची तुलना कशाशी? टेबलावर ज्या पोरीच्या ओठांतून एक शब्द फुटला नव्हता, ती इथे तुलनांवर तुलना उधळत होती, आणि वीस लहानगी तोंडं आ करून त्या झेलत होती. हे गाणं तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही! हे तिच्या आत होतं. आपण जिला न्हाऊमाखू घातलं, जिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, तिच्या आत एवढी खाडी पसरलेली, आणि आपण काठाशी बसून सेकंद मोजत होतो! ही ओळींवर रेंगाळते ती याचसाठी. वाचते ते सगळं तिला दिसतं!

"हे... हेसुद्धा झाकायचं?" तिने विचारलं.

"नियम आहे," मिस एअरी शिडीवरून उतरल्या. "गुरुवारपर्यंत झाकायचं. चाचणी कागदापुरतं बघते. तिचं कामच तेवढं. कागदामागे काय आहे, ते बघायचं काम तुमचं आणि माझं."

दोघींनी मिळून कागद धरला. निळा कागद वाळूवरून सरकत गेला. टाचण्या लावताना लॉर्नाचे हात देवघरात लागावेत तसे जपून लागत होते.

दुसऱ्या दिवशी सराव-पत्रिका कपाटातच राहिली. "हेटी, मला खाडी दाखवशील?" लॉर्ना म्हणाली. हेटीने आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग बुटांत पाय घातले.

मोठ्या भरतीचा दिवस होता. दगडी बांधावर त्या दोघी आणि डग बटाट्याच्या गरमागरम चिप्सची पुडी घेऊन बसले. भरतीचा इशारा देणारा तटरक्षकांचा भोंगा वाजला. वाळूवरची माणसं कुत्र्यांना हाका मारत वर आली. मग सगळं शांत झालं. लाल चोचीच्या पक्ष्यांचा थवाही मुकाट उठला.

"आता तिकडे बघ, आई. पुलाच्याही पलीकडे. एक पांढरा दोरा दिसेल."

लॉर्नाचा जन्म याच काठी गेला होता, पण लेकीच्या बोटाच्या टोकावरून तिने खाडी पहिल्यांदा पाहिली. दोरा जाड झाला. त्याची रेघ झाली, रेघेची लाट झाली. मैल दोन मैल रुंदीची एकच लाट, कसलीही घाई नसलेली, चालत आली. तिच्या मागे अख्खा समुद्र होता. ओहळ भरले. वाळू निजली. पाणी त्यांच्या पायांखालच्या दगडांशी येऊन श्वास घेत थांबलं, आणि त्यात सगळं आभाळ उतरलं.

डगच्या हातातल्या चिप्स गार झाल्या.

"माझं चुकलं, हेटी," लॉर्ना शेवटी म्हणाली.

हेटीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू ओरडतेस तेव्हा अक्षरं हलायला लागतात, आई."

वाचनाची पत्रिका मंगळवारी होती. त्या सकाळी शाळेनेच मुलांना टोस्ट आणि बीन्स खाऊ घातले. हेटीने दुसऱ्यांदा मागून घेतले. दुपारी फाटकाशी केरी फिनलेला विचारत होती, किती सोडवलेस, किती सुटले? लॉर्नाच्याही जिभेवर तेच होतं. तिने ते गिळलं.

"आज वाचताना मजा आली?"

"काय होतं ते सांगायला बंदी आहे. पण त्यातला तो म्हातारा आहे ना, तो..." हेटीने तोंडावर हात दाबला, आणि बोटांच्या फटींतून हसू सांडलं. "शेवटचे तीन प्रश्न राहिले, आई."

"राहू देत. बाकीचे तुझ्या मनासारखे झाले?"

हेटी फाटकातच थांबली. आईचं तोंड तिने नीट न्याहाळलं, रागाची एखादी सुरकुती लपली आहे का, म्हणून. ती सापडली नाही. मग तिने आईचा हात धरला आणि घरापर्यंत तिची टकळी थांबली नाही.

आता तुम्ही विचाराल, पुढे निकाल काय लागला? हेटी शंभराच्या वर गेली की खाली राहिली?

बघा! एवढं सगळं ऐकूनही आपल्या सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच आला. माझ्याही आला होता. ती सवय इतकी खोल गेली आहे आपल्यात.

मित्रहो, चाचण्या असाव्यात. मुलांचा सरावही जरूर घ्यावा. पण आपल्या मुलाच्या काठाशी बसायचं तर घड्याळ घेऊन बसू नये. त्याला निजू द्यावं, खाऊ द्यावं, त्याच्याबरोबर वाचावं, आणि मग गप्प राहून वाट बघावी. त्याच्या आत काय भरून येणार आहे, ते कुठल्याच पत्रिकेत छापलेलं नसतं. ते बघायला मिळणं, हेच तर आई-बाप होण्याचं भाग्य!