पोटाच्या गोळ्या

फेलिक्सने कोटाच्या खिशातून गोळ्यांचं खोकं काढलं, टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने डॉक्टरांकडे सरकवलं.

"सिरिलच्या आहेत. उघडलेलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

डॉक्टर ब्रेदा हुडेर्निक यांनी खोकं हातात घेतलं. पोटाच्या गोळ्या. मागच्या महिन्यात त्यांनीच लिहून दिल्या होत्या. सिरिलच्या थडग्यावरची फुलं अजून पुरती सुकलीही नव्हती. त्याने आपला जीव आपल्या हाताने संपवला होता. खोऱ्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळे 'अचानक गेला' एवढंच म्हणत होते.

सिरिल थोरला, फेलिक्स धाकटा. दोघेही बिनलग्नाचे. चढावरच्या आईबापांच्या घरात चार गाई सांभाळत एकत्र म्हातारे झालेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या आईच्या आणि वडिलांच्याही शेवटच्या आजारात तो चढ चढल्या होत्या.

"त्याचं पोट जन्मात कधी दुखलं नव्हतं," फेलिक्स म्हणाला. "दगड खाल्ला असता तरी पचला असता. आणि तुमच्याकडे येऊन म्हणतो, पोट दुखतं! आमच्या गाईलाही खरं वाटलं नसतं."

तो दिवस डॉक्टरांना पुन्हापुन्हा आठवत होता. सिरिल याच खुर्चीवर बसला होता. झोप लागते का, म्हणून त्यांनी विचारलं होतं, नाही म्हणाला. भूक? नाही. त्यांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या. तो उठला, दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून उगाचच उभा राहिला.

"दमलेल्या दिसता डॉक्टरीणबाई," तो म्हणाला होता.

"आज फार गर्दी आहे हो, सिरिल."

"मग तुम्हाला जास्त त्रास देत नाही."

आणि तो गेला.

"बरं, निघतो मी," फेलिक्स उठत म्हणाला. हनुवटीवर वाढलेले खुंट, गळ्याशी सैल झालेली कॉलर. आठवडाभरात कुणी त्याला ताटावर बसवलेलं दिसत नव्हतं. "बाहेर लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. बसा, फेलिक्स."

"मला काही झालेलं नाही."

डॉक्टर टेबलामागून उठल्या, रुग्णाचं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज त्यांनाच कोरडा वाटला.

"मरून जावं असं मनात येतं का तुमच्या?"

फेलिक्सचं तोंड लालबुंद झालं. मुठी आवळून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"हे त्याला का नाही विचारलंत?"

"नाही विचारलं."

"तो आला होता ना! स्वतःच्या पायाने खाली उतरून आला होता!"

"हो. आला होता. मी विचारायला हवं होतं."

त्या आणखी काही सांगतील म्हणून फेलिक्स थांबला. मग तो मटकन खुर्चीत बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "येतं. सकाळी जास्त. गाईंचं दूध काढलं की पुढे काय करायचं, तेच कळत नाही."

"घरात बंदूक आहे?"

"शिकारीची. दोन."

डॉक्टरांनी दार किलकिलं करून नर्सला सांगितलं, "दारिंका, बाकीच्यांना उद्या बोलाव. फार अडलं असेल त्याला शेजारच्या दवाखान्यात पाठव." मग शहरातल्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली. "मी स्वतः घेऊन येते," त्या म्हणाल्या. शेवटी फेलिक्सकडून नंबर घेऊन त्याच्या बहिणीला, रोझालियाला फोन केला. ती डोंगरापलीकडे राहत होती.

डॉक्टरांबरोबर चढावरच्या घरी पोचल्यावर फेलिक्सने मुकाट्याने कपाट उघडून दिलं. शेजारचा विन्को, शिकारी मंडळाचा प्रमुख, दोन्ही बंदुका घेऊन गेला. जाताना त्याने फेलिक्सच्या पाठीवर थाप मारली.

"हरणं खूश होतील बघ. तसंही तुझा नेम कधी लागला आहे?"

फेलिक्स किंचित हसला. मग गोठ्यात गेला.

संध्याकाळी रोझालिया आली. हातात बॅग, बगलेत पातेलं. दारातूनच तिने तोंड सोडलं.

"हा काय रे अवतार करून ठेवलायस? माणूस आहेस की झाडू? बस तिथे. आधी खायचं, मग बोलायचं. आणि मी आता इथेच राहणार आहे, नाही म्हणायचं नाही."

फेलिक्स नाही म्हणाला नाही. त्याने दोन वाट्या सूप संपवलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. थोड्याच वेळात घोरणं ऐकू येऊ लागलं. सिरिल गेल्यापासून तो बहुधा पहिल्यांदाच झोपला होता.

"घोरतो कसा बघा, रेड्यासारखा," रोझालिया म्हणाली, पण तिचा आवाज कापला.

"आज रात्री त्याच्याजवळच राहा. सकाळी आठला मी येते." डॉक्टरांनी कोट चढवला, मोटारीची किल्ली हातात घेतली.

रोझालिया वाट्या विसळत होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

"डॉक्टर, जायच्या आधीच्या रविवारी सिरिलचा मला फोन आला होता."

डॉक्टर थांबल्या.

"आमच्याकडे पाहुणे होते. मी शेवया करत होते, हात पिठात. म्हटलं, जेवणं उरकली की करते फोन. तो म्हणाला, काही विशेष नाही गं, सहजच केला." ओला हात तिने एप्रनला पुसला, पुन्हा पुसला. "जेवणं उरकली. मग भांडी निघाली. मग विसरलेच मी. कुणाला बोलले नाही हे. नवऱ्यालाही नाही."

आत फेलिक्स कुशीवर वळला, पलंग करकरला. दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. घोरणं पुन्हा सुरू झालं.

तुमची काही चूक नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरीणबाईंना गेले कित्येक दिवस सगळे तेच म्हणत होते. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, कोट काढला आणि चुलीजवळच्या बाकावर सरकून रोझालियासाठी जागा केली.